डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या जिल्ह्यास लागूनच असलेल्या निपाणीची तंबाखू सर्वांस ठाऊक आहे. ती चुन्यांत मळून ओठामागें ठेवणारे वडीलधारे घरोघरीं आढळतात. ह्या चिमटीचा व कर्करोगाचा संबंध ज्यांनीं कसोशीनें तपासला, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर १८९५ सालीं जन्मले. १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्.डी. पदवी घेऊन पुढें ते मुंबईस प्राध्यापक झाले. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांचें संचालकत्व त्यांजकडे आलें.

पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनांवर त्यांनीं समाधान मानिलें नाहीं. रोगी काय चघळतो, काय नेसतो, हें ते पाहूं लागले. १९४५ सालच्या निबंधांत त्यांनीं सहकाऱ्यासह दाखविलें कीं, खैनीची चिमूट जेथें धरतात तेथेंच कर्करोग उद्भवतो, आणि वर्षानुवर्षें करकचून नेसलेल्या धोतराच्या आवळणीखालीं कमरेसही तो होतो. धोतरावर कोणी संशय घ्यावा!

१९५२ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालें. हल्लीं ह्या रोगावर औषध शोधणारे रसायनज्ञ अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, म्हणजे पेप्टाइडें, प्रथम संगणकावर पारखतात. धनभारित साखळी कर्कपेशीच्या ऋणभारित आवरणाकडे ओढली जाईल काय, हें गणितानें ताडतात. तरीही खरी परीक्षा प्रयोगशाळेंत वाढविलेल्या कर्कपेशींवरच होते. अशा पेशी वाढविण्याची भारतांतील पहिली प्रयोगशाळा ह्याच केंद्रांत खानोलकरांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनीं उभारली. खानोलकर १९७८ सालीं निवर्तले.