तेरा वर्षे जमिनीवर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नाव पुण्यातल्या घराघरांत परिचयाचे आहे. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा तिथलेच छात्र, आणि २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आलेले शुभांशु शुक्लाही तिथलेच. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणारी कितीतरी मुले लेखी परीक्षेत उत्तीर्ण होतात, निवड मंडळाच्या मुलाखतींतूनही पार पडतात आणि वैद्यकीय तपासणीत अडकतात. कुणाची नजर कमी पडते, तर कुणाच्या हृदयाच्या आलेखावर एखादा चुकार ठोका उमटतो. मुलगा मैदानावर धावतो आहे, जेवतो आहे, त्याला कसलाही त्रास नाही. आणि तरी कागदावर अनफिट असा शिक्का बसतो. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. अशा घरांनी डोनाल्ड स्लेटन या अमेरिकी वैमानिकाची कहाणी माहीत करून घ्यावी.

स्लेटनचा जन्म १ मार्च १९२४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच वर्षांचा असताना गवत कापण्याच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची अनामिका तुटली. पुढे विमानदलाच्या तपासणीत हे उणे आडवे आले नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात त्याने ५६ मोहिमा केल्या, जपानवर आणखी ७. युद्धानंतर इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि नव्या विमानांची चाचणी घेणारा वैमानिक म्हणून नाव कमावले. डोनाल्ड केंट या नावाच्या आद्याक्षरांवरून मित्र त्याला डीक म्हणत. एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकेने आपले पहिले सात अंतराळवीर निवडले, त्यांत डीक होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिठाचा खडा पडला. गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवून उड्डाणाचा ताण सोसण्याची तालीम चालू असताना डॉक्टरांना त्याच्या हृदयाची लय बिघडलेली दिसली. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि नाडी बेताल चालते. डीकला हा बिघाड अधूनमधून होई आणि आपोआप जाई. त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसे. विमानदलाच्या डॉक्टरांनी त्याला उडण्यास योग्य ठरवले आणि तयारी पुढे चालू राहिली.

फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला. त्यानंतरची पाळी डीकची होती. पण उड्डाण जेमतेम दोन महिन्यांवर आले असताना, मार्चमध्ये प्रकरण पुन्हा उघडले गेले. नामांकित हृदयतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांचा निष्कर्ष साधारण असा होता, की हा माणूस उडू शकणार नाही असे म्हणता येत नाही. मात्र असा दोष नसलेला दुसरा अंतराळवीर हाताशी असेल तर त्यालाच पाठवावे. मे महिन्यात डीकऐवजी स्कॉट कार्पेंटर गेला. पुढे विमानदलानेही डीकला एकट्याने विमान उडवण्यास मनाई केली.

निर्णय निष्ठुर वाटतो, पण त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात ओढवतो. लढाऊ विमानाच्या जोरदार वळणात रक्त पायांकडे ओढले जाते, तेव्हा हृदयावर मोठा भार येतो. तिथे क्षणभराची भोवळसुद्धा विमानाचा घात करू शकते. घरी हा आजार सांभाळून माणूस वर्षानुवर्षे जगतो. वैमानिकाचे माप मात्र वेगळे असते.

डीक रुसून घरी बसला नाही. १९६३ मध्ये विमानदलाची नोकरी सोडून तो नासातच मुलकी अधिकारी म्हणून राहिला आणि अंतराळवीरांचा कारभार त्याच्याकडे आला. कोणत्या यानात कोण बसणार, हे ठरवण्यात त्याचा शब्द मोठा होता. चंद्रावर उतरलेल्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिनचे पथकही त्यानेच नेमले. स्वतःला ज्या दारातून परत पाठवले, त्याच दारातून इतरांना आत सोडण्याचे काम त्याने दहा वर्षे केले. सिगारेट व कॉफी सोडली, मद्य कमी केले, रोज व्यायाम केला.

१९७० च्या सुमारास तो बेताल ठोका येईनासा झाला. १९७१ च्या अखेरीस मेयो क्लिनिकमध्ये हृदयाची कसून तपासणी झाली आणि मार्च १९७२ मध्ये त्याला पुन्हा उड्डाणास योग्य ठरवण्यात आले. तोवर चांद्रमोहिमा संपत आल्या होत्या. उरली होती ती अमेरिका व रशियाची संयुक्त मोहीम. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने रशियन भाषा शिकायला घेतली. १५ जुलै १९७५ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी तो अंतराळात झेपावला. तोवर इतक्या वयाचा माणूस तिथे गेला नव्हता. दोन दिवसांनी अपोलो आणि सोयूझ ही याने आकाशात जोडली गेली.

परतताना केबिनमध्ये विषारी वायू शिरला आणि तिघाही अंतराळवीरांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावे लागले. तिथे डीकच्या फुफ्फुसावर एक गाठ दिसली. शस्त्रक्रियेनंतर ती निरुपद्रवी ठरली. पण ती उड्डाणाआधीच्या एक्स-रेमध्येही होती, फक्त कुणाच्या नजरेत आली नव्हती. आली असती तर डीकला पुन्हा जमिनीवरच राहावे लागले असते. तेरा वर्षे ज्या हृदयाने अडवले, ते मोहीमभर बिनतक्रार चालले. १३ जून १९९३ रोजी डीक गेला तोही हृदयविकाराने नव्हे, मेंदूतल्या गाठीने.

आज चोवीस तासांचा आलेख, सोनोग्राफीसारखी इको तपासणी, चालत्या पट्ट्यावरची चाचणी अशी साधने आहेत. निरोगी तरुणाचा एखाददुसरा जादा ठोका आणि खरा दोष यांतला फरक त्यांनी पुष्कळ स्पष्ट होतो. सैन्यदलांच्या भरतीत पहिल्या तपासणीविरुद्ध अपील करण्याची सोयही असते. मुदतीत ती जरूर वापरावी. दोष लपवून मात्र पुढे जाऊ नये, आणि अपिलानंतरही नकार आला तर तो निमूटपणे स्वीकारावा. त्या नकाराचा संबंध विमानातल्या आसनाशी असतो, मुलाच्या लायकीशी नव्हे. हे त्याला सर्वांत आधी कुणी सांगायचे, तर आईवडिलांनी.