पांढऱ्या गादीवरचा न्याय

राजाचे सिंहासन आणि न्याय यांचे नाते फार जुने आहे. बायबलमधील शलमोन राजाने यरुशलेमच्या राजवाड्यात न्यायासाठी स्वतंत्र दालन बांधले होते. सहा पायऱ्यांचे त्याचे हस्तिदंती सिंहासन सोन्याने मढविलेले होते आणि पायऱ्यांवर बारा सिंह होते. महेश्वरच्या वाड्यात मात्र पाहण्यासारखे सिंहासनच नाही. पांढरी चादर घातलेली साधी गादी आणि लोड, इतकेच. ही अहिल्याबाई होळकरांची राजगादी.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूर, सेंधवा ओलांडून नर्मदेकडे जाणाऱ्या खानदेशी माणसाला या गादीविषयी जवळीक वाटावी, असे कारणही आहे. मल्हारराव होळकर लहानाचे मोठे झाले ते तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी. मामांची कन्या गौतमाबाई ही त्यांची पत्नी. म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई खानदेशच्याच.

१७२५ साली चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या वाट्याला दुःखे एकामागून एक आली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव. मुलाला त्यांनी हत्तीच्या पायी दिले, ही कथा आजही रंगवून सांगितली जाते. पण मालेरावांचा अंत आजारपणात झाला. न्यायी ठरण्यासाठी त्यांना अशा कथेची गरजही नाही.

सैन्य तुकोजी होळकरांकडे सोपवून राज्यकारभार त्यांनी स्वतः पाहिला. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन माल्कमच्या ग्रंथात त्यांचा दिनक्रम आला आहे. पहाटे पूजा व दानधर्म, दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. रात्री नऊनंतर पुन्हा कामकाज. दरबारात पडदा नसे. बरेचसे तंटे पंचायतीकडे जात, परंतु दाद मागायला आलेल्याचे म्हणणे, ते कितीही क्षुल्लक असो, त्या स्वतः ऐकत.

या न्यायाची खरी कसोटी घरातच लागली. इंदूरचा देवीचंद नावाचा धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी जवळच होती. काही हितसंबंधी लोकांनी कान भरले आणि त्यांची नजर त्या संपत्तीकडे वळली. सावकाराच्या विधवेने महेश्वर गाठले. अहिल्याबाईंनी तिची कैफियत ऐकून घेतली, मानाची वस्त्रे देऊन तिला पतीच्या घरादाराची एकमेव मालकीण ठरविले आणि तुकोजींना इंदूरपासून दूर तळ हलविण्याचा हुकूम धाडला. ज्याच्या तलवारीवर राज्य टिकून होते, त्यालाच हा हुकूम होता. तुकोजींनी तो मानला.

सातपुड्यातील भिल्लांबाबत मात्र हा हात प्रथम कठोर झाला. काही म्होरक्यांना देहदंड देण्यात आला. नंतर डोंगरवाटेने जाणाऱ्या मालावर भीलकवडी घेण्याचा त्यांचा परंपरागत हक्क अहिल्याबाईंनी मान्य केला. मोबदल्यात त्यांनी पडीक जमीन कसावी आणि आपल्या हद्दीतील चोरीची जबाबदारी घ्यावी, अशी अट घातली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच त्यांचे निधन झाले. तुकोजी त्यानंतर दोनच वर्षे जगले, आणि पुढे होळकरांच्या घरात वारसाचा कलह पेटला.