ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्क येथे झाला. गणिताच्या या अध्यापिका १९४३ मध्ये अमेरिकेच्या नौदलात दाखल झाल्या. १९५२ साली त्यांनी ‘ए-झीरो’ कंपायलर सिद्ध केला. तयार आज्ञासमूह शोधून तो ते एकत्र जोडी. पुढे त्यांच्या कल्पनांवर उभारलेल्या कोबोल भाषेतील जवळजवळ एकच प्रोग्रॅम १९६० च्या डिसेंबरात दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालला. तथापि प्रत्येक कंपायलर भाषेचा अर्थ आपल्या परीने लावी; एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडे. निवृत्त झालेल्या हॉपरबाईंना नौदलाने १९६७ साली पुन्हा पाचारण केले. त्यांनी कंपायलरांचीच परीक्षा घेणारे प्रोग्रॅम करविले. १९९२ साली त्या निवर्तल्या. भाषा एक असून भागत नाही, अर्थही एकच लागावा, हा धडा आम्ही त्यांच्या चरित्रातून घ्यावा.