लेकीला पोलिओ झाला, उपचार कुठेच मिळेनात. मग या बाईंनी मुंबईत लहान मुलांचं अख्खं हॉस्पिटलच उभं केलं

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यासमोरून महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे निघालं की रस्त्यात एक हॉस्पिटल लागतं. एसआरसीसी चिल्ड्रेन्स हॉस्पिटल. २०१७ साली नवी इमारत झाली आणि ते चकाचक दिसायला लागलं. रोज हजारो लोक तिथून ये-जा करतात, पण एसआरसीसी म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

याचं पूर्ण नाव सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन. आज क्रिपल्ड हा शब्द कानाला खटकतो, कुणी वापरतही नाही. पण संस्था सुरू झाली १९४७ साली, आणि तेव्हा सरकारी कागदांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे हाच शब्द चालायचा.

ही संस्था ज्यांनी उभी केली त्यांचं नाव फातिमा इस्माईल.

आज फिजिओथेरपी म्हटलं की गल्लीतल्या क्लिनिकची पाटी डोळ्यासमोर येते. पण ज्या काळात हा शब्द भारतातल्या बहुतेकांनी ऐकलाही नव्हता, त्या काळात मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजाराने अधू झालेल्या मुलांना रोजच्या रोज, तासन् तास व्यायाम द्यावा लागतो, हे या बाईंनी ओळखलं होतं. विशेष म्हणजे त्या डॉक्टर नव्हत्या.

त्यांचा जन्म १९०३ सालचा. घराणं मुंबईतलं बडं व्यापारी घराणं, सोबानी. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक. पण हा गिरणीमालक वेगळ्या वळणाचा होता. होमरूल चळवळीपासून तो स्वातंत्र्यलढ्यात होता आणि टिळक स्वराज्य फंडालाही त्याने मोठी मदत केली. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींच्या हस्ते परळमध्ये विलायती कापडाची जी प्रचंड होळी झाली, ती याच उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. स्वतः कापडाच्या धंद्यातला माणूस कापड जाळायला आपलं आवार देतो, यावरून घरातलं वातावरण लक्षात येईल.

पुढे कापसाच्या व्यापारात उमर सोबानींना जबर फटका बसला आणि घराण्याची घडी विस्कटली. १९२६ मध्ये ते वारले.

याची झळ फातिमा यांनाही बसली. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या व्हिएन्नाला गेल्या होत्या. घरची परिस्थिती बदलली आणि ते शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे लग्न झालं, संसार सुरू झाला. ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्सच्या कामातून त्या सार्वजनिक जीवनात आल्या. १९४२ च्या चले जाव चळवळीत पोलीस ज्यांच्या मागावर होते अशा भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांच्या घरात आसरा मिळायचा.

म्हणजे धाडस घरातच होतं. त्याची खरी परीक्षा मात्र पुढे झाली.

१९४० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला.

पोलिओ नेमकं काय करतो हे आज तिशीच्या आतल्या कुणालाही फारसं माहीत नसतं, कारण भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. त्यामुळे थोडक्यात समजून घेऊ.

हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुतेकांना काहीच लक्षणं दिसत नाहीत, काहींना साधा ताप येऊन जातो. पण साधारण २०० पैकी एकाच्या बाबतीत तो मज्जासंस्थेत शिरतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. पायाला स्पर्श कळतो, चिमटा काढला तर दुखतं, पण पाय उचलता येत नाही. स्नायू जागेवर असतो, त्याला निरोप पोचवणारी तार तुटलेली असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. सगळ्याच पेशी मरत नाहीत. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून शेजारच्या अनाथ झालेल्या स्नायूतंतूंना जोडून घेतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत बरीच ताकद परत येऊ शकते. अडचण अशी की तोवर पाय नुसता पडून राहिला तर सांधे आखडतात. पाऊल उचलणारा स्नायू लुळा आणि पोटरीचा शाबूत असेल, तर पोटरी टाच वर ओढून धरते आणि पाऊल कायमचं वाकडं होतं. म्हणजे मूल अर्धं आजाराने अधू होतं आणि अर्धं पडून राहिल्याने.

त्या काळी जगभर नेमका यावरूनच वाद पेटला होता. पोलिओ झालेला हातपाय प्लास्टरमध्ये किंवा फळीला बांधून स्थिर ठेवायचा, ही जुनी पद्धत. ऑस्ट्रेलियातली एक नर्स, सिस्टर एलिझाबेथ केनी, याच्या बरोबर उलटं सांगत होती. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरी कापडाने स्नायू शेका, सांधे हलवत राहा आणि स्नायूंना हालचाल पुन्हा शिकवा. डॉक्टर मंडळींनी तिला आधी उडवून लावलं, पण १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली आणि दोन वर्षांत मिनियापोलिस शहरात तिच्या नावाची संस्था सुरू झाली.

हे सगळं तिकडे. इकडे फातिमा इस्माईल मुलीला घेऊन फिरत होत्या आणि हातात काही लागत नव्हतं. औषध नव्हतं. लसही नव्हती, साल्क यांची लस आली ती १९५५ मध्ये.

अखेर त्यांनी मद्रास गाठलं. तिथे डॉ. एम. जी. किणी हे नावाजलेले अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे मुलीचे उपचार अनेक महिने चालले. पुढे त्या तिला पुण्याला घेऊन आल्या. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभं करण्यासाठी लष्कराने तिथे व्यायामोपचाराची सोय केली होती. रोजच्या उपचारांनी मुलीत सुधारणा दिसू लागली.

दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानून घरी गेलं असतं.

पण फातिमा यांच्या डोक्यात वेगळंच गणित सुरू झालं. आपल्याकडे ओळखी होत्या, घर सोडून महिनोन् महिने परगावी राहायची ऐपत होती. गिरणगावातल्या चाळीत राहणाऱ्या आईने काय करायचं? तिने मुलाला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने बघितलं आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं, तर मधले तीस दिवस त्या पायाचं काय?

या आजारात डॉक्टरची भेट ही उपचाराची फक्त सुरुवात असते आणि खरा उपचार रोज करावा लागतो, हे त्या स्वतःच्या मुलीबरोबर राहून शिकल्या होत्या. त्यासाठी तज्ज्ञ माणूस लागतो तशी एक जागाही लागते. रोज उघडणारी, परवडणारी, घरापासून जवळची.

मग त्या जागा शोधायला लागल्या. मुंबईतले प्रसिद्ध सर्जन डॉ. ए. व्ही. बाळिगा मदतीला आले. त्यांनी चौपाटीवरची आपली जागा देऊ केली आणि मे १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठीचं क्लिनिक सुरू झालं. स्वातंत्र्याला अजून तीन महिने होते. सोसायटीही त्याच वर्षीची.

तेव्हाची परिस्थिती बघा. मुंबईत के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं १९५० साली, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर पक्क्या मराठी झालेल्या या बाईंचं नाव फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेमुळे अनेकांना माहीत असेल. फिजिओथेरपीचं शिक्षण त्याच के.ई.एम.मध्ये त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झालं. म्हणजे चौपाटीवरचं क्लिनिक उघडलं तेव्हा हे काम करणारी माणसं तयार करणारी यंत्रणाच आपल्याकडे नव्हती.

तरीही मुलं येत राहिली. जागा अपुरी पडली आणि पन्नासच्या दशकात हाजी अलीला लहान मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. शस्त्रक्रिया, व्यायाम आणि कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारे पट्टे, हे सगळं एका छताखाली आलं. १९५५ मध्ये जवळच अपंगांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थाही आली, आणि हाजी अली म्हटलं की दर्ग्याबरोबर हात-पाय आणि कॅलिपरही लोकांना आठवू लागले.

फातिमा इस्माईल तिथेही थांबल्या नाहीत. पाय थोडा चालू लागला, मूल मोठं झालं, पण त्याला नोकरी कोण देणार? म्हणून त्यांनी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही संस्था काढली आणि अपंग तरुणांना काम शिकवणारी, काम देणारी कार्यशाळा सुरू केली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होत्या. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, पोलिओ गेला, मग ही जुनी गोष्ट आज कशाला?

तर पोलिओ गेला, पण गरज गेलेली नाही. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, पक्षाघाताचा झटका आलेले वडील, अपघातात मणक्याला मार बसलेला भाऊ, यांची गोष्ट तशीच आहे. फरक इतकाच की पोलिओ मज्जारज्जूवर घाव घालायचा, सेरेब्रल पाल्सीत आणि पक्षाघातात इजा मेंदूला झालेली असते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शाबूत भाग सरावाने नवी कामं शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल, पेला उचलणं असो की खुर्चीतून उठणं, पुन्हा पुन्हा करावी लागते. आजच्या इंटेन्सिव्ह थेरपीत तर रोज काही तास असे काही आठवडे सलग सराव घेतला जातो. एका पद्धतीत चांगला हात मुद्दाम मोज्यात बांधून ठेवतात, म्हणजे अधू हाताला काम करावंच लागतं. यात चमत्कार काही नाही. सगळंच भरून येतं असंही नाही. पण मूल स्वतःच्या हाताने घास घेऊ लागलं, तर त्या घरासाठी ती मोठी गोष्ट असते.

आणि इथेच परभणीसारख्या जिल्ह्याचा प्रश्न येतो.

१९४७ च्या मे महिन्यात चौपाटीवर क्लिनिक उघडलं तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. आज ती महाराष्ट्रात आहे आणि देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई येते. पण अंतर पाचशे किलोमीटरच्या वर आहे. ऑपरेशनसाठी एकदा जाता येतं, रोजच्या व्यायामासाठी नाही. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातल्या गावाहून नुसतं परभणीला यायचं म्हटलं तरी आईची रोजंदारी बुडते. मग दोन महिने नेटाने केलेली थेरपी पेरणीच्या हंगामात सुटते आणि सांधे पुन्हा आखडायला लागतात.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना याच अडचणीवर आहे. अंगणवाडी आणि शाळेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी ती योजना. सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे सगळं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये येतं, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येतं आणि त्यावर सवलती मिळतात.

तुमच्या ओळखीत एखादं मूल मान धरायला, बसायला, उभं राहायला उशीर करत असेल तर होईल हळूहळू म्हणून थांबू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. आणि तिथल्या थेरपिस्टला एक गोष्ट नक्की विचारा, की घरी रोज काय करायचं ते आम्हाला शिकवाल का? फातिमा इस्माईल मद्रास आणि पुण्याहून हेच शिकून आल्या होत्या.