नगराच्या पाण्याचा हिशेब : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

विद्यार्थी मित्रहो, घरांतील नळ सोडला कीं पाणी येतें, मोरींत ओतलें कीं तें निघून जातें, आणि पावसाळ्यांत रस्त्यावर गुडघाभर पाणी सांचलें म्हणजे शाळेस सुटी मिळते. या तीन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, असें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. नळाचें पाणी एका खात्याचें, मोरीचें दुसऱ्या खात्याचें, आणि पुराचें पाणी तर कोणाचेंच नाहीं, असा आपला समज असतो. परंतु नगर लहान असो वा मोठें असो, त्याचें पाणी एकच असतें. वरून येणारें, घरांत वापरलें जाणारें आणि खालीं वाहून जाणारें अशीं त्याचीं रूपें तेवढीं निराळीं. हें सत्य एका उद्ध्वस्त झालेल्या नगरास ज्यांनीं शिकविलें, त्या थोर पुरुषाचें चरित्र यंदाच्या अंकांत वाचकांस सादर करावें असें आम्हांस वाटतें. ते पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशांत इंजिनियर दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळें त्यांचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांचें कार्य मात्र तितकें परिचयाचें नाहीं.

पूर्वीच्या म्हैसूर संस्थानांत, चिक्कबळ्ळापूरजवळ, मुद्देनहळ्ळी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें एका संस्कृत पंडिताच्या घरीं विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. घरांत विद्या होती, पण संपत्ति नव्हती. आणि मुलगा मोठा होण्यापूर्वींच वडिलांचें छत्र हरपलें. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांत शिकत असतां इतर मुलांस शिकवून त्यांनीं आपला चरितार्थ चालविला. सन १८८१ सालीं ते बी. ए. झाले. पुढें म्हैसूर सरकारनें शिष्यवृत्ति दिली, आणि हा तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें दाखल झाला. हेंच विद्यालय पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें. सन १८८३ सालच्या परीक्षेंत त्यांनीं पहिला क्रमांक मिळविला, आणि दुसऱ्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत ते असिस्टंट इंजिनियर झाले.

नाशिक, खानदेश, सुरत, पुणें असा त्यांचा पुढील चोवीस वर्षांचा प्रवास झाला. त्यांच्या उमेदीचा काळ मुंबई इलाख्यांत गेला, म्हणून महाराष्ट्रासही त्यांच्यावर आपला थोडाबहुत हक्क सांगतां येईल. याच काळांत सिंध प्रांतांतील सक्कर शहरास पाणी पुरविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तेथील अडचण चमत्कारिक होती. सिंधु नदी अगदीं उशाशीं वाहत होती, पण तिचें पाणी गाळामुळें पिण्यास अयोग्य. आणि तें गाळण्यासाठीं मोठे हौद बांधावे, तर म्युनिसिपालिटीजवळ पैसा नाहीं! तेव्हां त्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खणविली. वाळूच्या थरांतून झिरपून आपोआप स्वच्छ झालेलें पाणी तींत जमूं लागलें, आणि तें टेकडीवरील हौदांत चढवून शहरास दिलें गेलें. निसर्ग जें काम फुकट करून देण्यास तयार आहे तें त्याच्याकडून करून घ्यावें, हा धडा त्यांनीं तेथें गिरविला.

पुण्यास आल्यावर दुसरा प्रसंग आला. मुठा नदीवरील खडकवासल्याच्या धरणांतून पुणें शहर, लष्कर व कालव्यावरील शेती या तिघांसही पाणी द्यावें लागे. पावसाळ्यांत सांडव्यावरून पाण्याचे लोटच्या लोट वाहून जात, आणि उन्हाळा आला कीं तिघांचीही ओढाताण होई. विश्वेश्वरय्यांनीं नवें धरण मागितलें नाहीं. त्यांनीं सांडव्यावर लोखंडी दारें बसविण्याची युक्ति काढली. पाणी ठरलेल्या उंचीस पोहोंचलें म्हणजे तीं दारें आपोआप उघडत, आणि पूर ओसरला म्हणजे आपोआप मिटत. सन १९०३ च्या सुमारास हीं दारें बसलीं, आणि त्याच तलावांत सुमारें आठ फूट अधिक उंचीपर्यंत पाणी सांठवितां येऊं लागलें. पुढें ग्वाल्हेर संस्थानांतील तिग्रा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही याच धर्तीचीं दारें आलीं. श्रावणांत ज्यास आपण पूर म्हणून भितों, त्यासच वैशाखांत आपण पाणी म्हणून शोधतों, ही गोष्ट त्यांच्या मनांत तेव्हांपासूनच पक्की झाली असावी. नीरा कालव्यावर पाळीपाळीनें पाणी देण्याची जी पद्धति त्यांनीं घालून दिली, तिच्या मुळाशींही हाच हिशेबी विचार होता.

पाणीपुरवठा व मैल्याची व्यवस्था पाहण्यासाठीं सरकारनें त्यांस एडनपर्यंत पाठविलें. परंतु खात्यांतील सर्वोच्च जागा हिंदी मनुष्यास मिळण्याची आशा त्या काळीं नव्हती. सन १९०८ सालीं त्यांनीं नोकरी सोडली आणि ते परदेश पाहण्यास निघाले. ते प्रवासांत असतांनाच हैदराबादेवर तो भयंकर प्रसंग ओढवला.

हैदराबाद शहर मुसी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. शहराच्या वरच्या अंगास मुसीस ईसी नांवाची दुसरी नदी मिळते. एरवीं मुसी म्हणजे वाळूंतून वाहणारी एक क्षीण धार. तिच्या कांठाकांठानें लोकांनीं अगदीं पाण्याशेजारीं घरें बांधलीं होतीं. सन १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस वरच्या मुलुखांत अतोनात पाऊस झाला. त्या मुलुखांत पूर्वजांनीं खोदलेलीं शेंकडों तळीं होतीं. त्यांतील दोनशेंहून अधिक तळ्यांचे बांध फुटले. एकाचें पाणी दुसऱ्यांत, दुसऱ्याचें तिसऱ्यांत, असें करीत तो लोंढा सोमवार ता. २८ सप्टेंबर रोजीं शहरावर येऊन आदळला. पूल गेले, मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले. सुमारें १५,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं असा अंदाज आहे. अफझलगंज भागांतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें माणसें वांचलीं, असें सांगतात. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा प्रभूनें सांगितलेला दृष्टांत आपण वर्गांत शिकतों. त्या दिवशीं तो एका सबंध शहराच्या बाबतींत अक्षरशः खरा झाला.

निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस निमंत्रण पाठविलें, आणि सन १९०९ च्या एप्रिल महिन्यांत ते हैदराबादेस दाखल झाले. त्यांच्यावर तीन कामें सोंपविलीं होतीं : शहराच्या पुनर्रचनेस साह्य करणें, पुन्हां पूर येऊं नये म्हणून उपाय सुचविणें, आणि सांडपाण्याच्या निकालाची संपूर्ण योजना आंखणें. एखाद्या सामान्य इंजिनियरानें यांचीं तीन निरनिराळीं टिपणें लिहून दिलीं असतीं. विश्वेश्वरय्यांचें मोठेपण हें कीं, हीं तीन कामें मुळांत एकच आहेत हें त्यांनीं ओळखलें.

त्यांनीं प्रथम पावसाचा हिशेब मांडला. हैदराबादेंत जुनीं टिपणें पुरेशीं नव्हतीं, म्हणून शेजारच्या इलाख्यांतील पावसाचे आंकडे मिळविले. आणि असा पाऊस पुन्हां केव्हांही पडूं शकेल हें ध्यानांत घेऊन योजना केली. नदीच्या दोहों कांठीं केवळ उंच भिंती घालून भागणार नाहीं. शहरांत शिरलेल्या पुराशीं शहरांत झुंजण्यापेक्षां त्यास वाटेंतच अडविलें पाहिजे, असें त्यांनीं दाखवून दिलें. यासाठीं शहराच्या वर कांहीं मैलांवर एक मुसीवर व एक ईसीवर, असे दोन मोठे तलाव बांधावे, पूर आला म्हणजे त्यांनीं तो पोटांत घ्यावा, आणि मग नदीस सोसेल इतकेंच पाणी हळूहळू सोडावें, अशी त्यांची सूचना होती. शहरांतील कांठ उंच व नीट करून तेथें रस्ते व बागा कराव्या, म्हणजे लोक पुन्हां पात्रांत घरें बांधणार नाहींत, आणि नगरास मोकळी हवाही मिळेल. घरांतील सांडपाणी उघड्या गटारांतून नदींत न सोडतां बंद नळांनीं शहराच्या खालच्या बाजूस न्यावें आणि शेतीच्या उपयोगीं आणावें. ही सर्व योजना सहा महिन्यांच्या आंत, त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत, त्यांनीं सरकारास सादर केली.

पुढें मुसीवरील उस्मानसागर सन १९२० सालीं आणि ईसीवरील हिमायतसागर सन १९२७ सालीं पूर्ण झाला. पूर अडविण्यासाठीं सुचविलेल्या या तलावांनीं शहरास पिण्याचें पाणीही दिलें. येथें एक सूक्ष्म गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. पुरासाठीं तलाव रिकामा हवा, आणि पिण्यासाठीं तो भरलेला हवा! या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खालचा भाग सांठ्यासाठीं व वरचा भाग पुरासाठीं राखावा लागतो, आणि पाऊस पाहून दारें उघडणारा सावध मनुष्य तेथें रात्रंदिवस हवा. तलाव बांधून काम संपत नाहीं. तें तेथून सुरू होतें. सन १९१२ मध्यें स्थापन झालेल्या नगरसुधारणा मंडळानें दाट वस्त्या मोकळ्या करण्याचें काम हातीं घेतलें. गटारांचें काम मात्र लांबणीवर पडलें होतें. त्यासाठीं विश्वेश्वरय्या सन १९२२ मध्यें पुन्हां हैदराबादेस गेले.

दरम्यान सन १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर, आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत तेथील दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर हें त्यांचें विख्यात कार्य सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा येथें विस्तार करीत नाहीं. सन १९५५ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि सन १९६२ च्या एप्रिल महिन्यांत, शंभर वर्षांचें दीर्घायुष्य भोगून, ते बंगलोर येथें निवर्तले. आदल्याच वर्षीं, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटून त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणही फुटलें होतें, आणि पुण्यानेंही हैदराबादेसारखाच कठीण दिवस पाहिला होता. मनुष्याच्या बांधकामास अभिमान शोभत नाहीं, सावधपणा शोभतो, हेंच खरें.

आतां कोणी विचारील कीं, एवढ्या मोठ्या योजनेनंतर हैदराबाद कायमचें सुखी झालें काय? याचें उत्तर प्रामाणिकपणें नाहीं असेंच द्यावें लागतें. शहर वाढत गेलें. मांजरा, कृष्णा व गोदावरी यांचें पाणी दुरून आणावें लागलें. या तिन्ही नद्या आपल्याच महाराष्ट्रांत उगम पावतात, हेंही येथें ध्यानांत ठेवावें. दुरून आलेलें पाणी वापरून झाल्यावर मुसींतच येऊन मिळालें, आणि पुरेशा शुद्धीवांचून मिळालें. त्यामुळें आज देशांतील अत्यंत मलिन नद्यांत मुसीची गणना होते. तळीं बुजवून व नाले अडवून त्यांवर घरें उठलीं. सन २०२० च्या ऑक्टोबरांत शहरावरच मुसळधार पाऊस कोसळला, तेव्हां जवळच्या तळ्यांचे बांध फुटून पुन्हां वस्त्या बुडाल्या व माणसें दगावलीं. विश्वेश्वरय्यांची योजना खोटी ठरली असें यावरून म्हणतां येत नाहीं. त्यांचे तलाव लोकांनीं घेतले, पण त्यांची दृष्टि घेतली नाहीं. पाण्याचा हिशेब त्यांनीं एका वहींत मांडला होता. मागून आलेल्यांनीं तिचीं पानें सोडवून तीं निरनिराळ्या कचेऱ्यांत वाटून टाकलीं, इतकेंच.

मित्रहो, तुमच्यांतील कांहीं जण इंजिनियर होतील, पण सर्वच जण कोणत्या ना कोणत्या नगराचे रहिवासी होणार आहेत. नाल्यांत कचरा टाकतांना, किंवा वडील मंडळींनीं घरासाठीं जागा पाहतांना, हें पाणी वरून कोठून येतें व खालीं कोणाच्या दारीं जातें, एवढा एक प्रश्न तरी विचारावा. आपला शेजारी कोण, या जुन्या प्रश्नाचें एक उत्तर असें आहे कीं, आपण सोडलेलें पाणी ज्याच्या दारावरून वाहतें तो. त्या शेजाऱ्याची आठवण ठेवून जो आपला नळ बंद करील आणि आपली मोरी स्वच्छ राखील, त्यानें या थोर पुरुषाचें चरित्र खऱ्या अर्थानें वाचलें, असें आम्ही समजूं.