मलिक अंबर कुणाचा? गुलाम ते दख्खनचा कारभारी

इतिहासाचा विषय निघाला की आपल्या घरात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात एक वाद हमखास रंगतो. हा राजा आपला, तो त्यांचा. ही लढाई धर्माची, ती जमिनीची. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो, तिथेही मुलं हाच सवाल विचारतात की अमुक माणूस आपल्या बाजूचा होता की दुसऱ्या बाजूचा. अशा वेळी आम्ही त्यांना एका माणसाची हकीकत सांगतो. त्याला कुठल्या बाजूला बसवायचं ते मुलांनीच ठरवावं म्हणतो. अर्धा तास चर्चा होते आणि बहुतेक वेळा मुलं गप्प होतात.

तो माणूस म्हणजे मलिक अंबर. नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची जिंदगी फार थोड्यांना माहीत असते.

बाजारात विकला गेलेला मुलगा

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणी त्याचं नाव चापू होतं. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. येमेनमधल्या मोखा बंदरात विकला गेला, तिथून बगदादला पोहोचला. एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आई-बाप, भाषा, गाव, सगळं मागे राहिलं.

बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाने त्याच्यातली हुशारी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभार शिकवला. तिथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं. पुढे 1570 नंतरच्या काळात त्याला दख्खनमध्ये आणण्यात आलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतलं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा चंगीझ खान स्वतः कधीकाळी हबशी गुलामच होता. दख्खनच्या सल्तनतींमध्ये हबशी गुलाम फौजेत भरती होत, आणि कर्तबगारी दाखवली तर सरदार, किल्लेदार, वजीर इथपर्यंत जात. याचा अर्थ गुलामगिरी चांगली होती असा मुळीच नाही. लेकरू आईपासून तोडून विकणं हा जुलूमच. पण त्या व्यवस्थेत वर चढायला एक अरुंद जिना होता आणि अंबरने तो जिना समोर पाहिला. गुलामाला राज्याचा कारभार पेलता येतो, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही.

चंगीझ खानाच्या मृत्यूनंतर त्याच्या बेवा पत्नीने अंबरला आझाद केलं. पुढची वीसेक वर्षं तो नोकरीच्या शोधात इकडेतिकडे फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत राहिला, मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. पण मानपान आणि पगार यांचं जमलं नाही. 1595 च्या सुमारास आपल्याशी इमान राखणाऱ्या सुमारे दीडशे स्वारांना घेऊन तो अहमदनगरला परतला. तोवर वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती.

बुडणारं राज्य

तो परतला तेव्हा निजामशाहीची हालत वाईट होती. अकबराच्या फौजा दख्खनवर चालून आल्या होत्या. चाँदबीबीने 1595-96 मध्ये अहमदनगरचा किल्ला हिमतीने राखला, तरी तहात वऱ्हाड द्यावा लागला. दरबारात दख्खनी, हबशी आणि परदेशातून आलेले सरदार एकमेकांच्या जिवावर उठले होते. अखेर 1600 साली चाँदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. छोट्या सुलतानाला कैद करून ग्वाल्हेरला पाठवलं. कागदावर निजामशाही संपली.

मलिक अंबरने ती संपू दिली नाही. निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तझा निजामशाह या नावाने तख्तावर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. राजा शाही रक्ताचा, कारभार अंबरचा. त्या काळात लोक बादशाही घराण्याचा मान ठेवत. गुलाम म्हणून आलेल्या माणसाने स्वतः छत्र धरलं असतं तर सरदार मंडळी टिकली नसती. अंबरला हे पक्कं समजलेलं होतं. तख्ताची हाव त्याने धरली नाही, पण सत्तेची चावी हातातून सोडलीही नाही.

डोंगर, घोडा आणि मावळी-मराठा साथी

समोर मोगल सल्तनत होती. हत्ती, तोफा, अफाट खजिना. अशा फौजेशी मोकळ्या मैदानात भिडणं म्हणजे मरणाला दावत देणं. 1602 मध्ये नांदेडजवळच्या लढाईत अंबर स्वतः जखमी झाला होता. पुढे त्याने लढण्याची जी तऱ्हा घट्ट धरली ती आपल्या सह्याद्रीच्या मातीतली. हलके घोडेस्वार, अचानक छापा, रसद तोडणे, चारा जाळणे, शत्रूला डोंगरात ओढून नेणे आणि रात्री झोपू न देणे. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो त्याचा मोगलांविरुद्ध इतक्या मोठ्या प्रमाणात वापर त्याने केला.

आणि हे स्वार कोण होते? मोठ्या संख्येने मराठे. भोसले, जाधव आणि इतर घराणी निजामशाहीच्या चाकरीत वाढली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी निजामशाहीचे सरदार. मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांच्या नावावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. हेच शहाजीराजे अंबरच्या फौजेत लढले.

म्हणजे बघा, एका बाजूला इथिओपियात जन्मलेला मुसलमान कारभारी आणि त्याच्याबरोबर मराठे, हबशी, दख्खनी मुसलमान. दुसऱ्या बाजूला मोगल बादशाह, त्याच्या फौजेत राजपूत, अफगाण, तुर्क आणि फुटून गेलेले मराठे सरदारही. लखुजी जाधवांसारखे मातब्बर सरदार कधी या बाजूला दिसतात तर कधी त्या बाजूला. धर्माच्या चष्म्यातून ही लढाई पाहायला गेलं तर काहीच नीट दिसत नाही. वतन, इमान, पगार, अपमान, आपला मुलूख, या शब्दांनी पाहिलं तर बरंच काही उलगडतं.

जहांगीरचा राग

अकबर 1605 मध्ये गेला, जहांगीर तख्तावर आला. अंबरने गमावलेला बराच मुलूख परत मिळवला. 1610 मध्ये दौलताबादजवळच्या खडकी गावाला राजधानी केली. जहांगीरने एकामागून एक सेनापती पाठवले. त्यात दोह्यांमुळे आपल्याला माहीत असलेले अब्दुर्रहीम खानखानाही होते. कायमचा निकाल कुणालाच लावता आला नाही.

जहांगीर आपल्या आठवणींत अंबरच्या रंगावरून हलके शब्द वापरतो. त्याचा चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढलं. त्यात बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतोय. हे चित्र आज आयर्लंडमधल्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचं शिर मोगलांच्या हाती कधीच लागलं नाही. जे रणांगणात झालं नाही ते कागदावर करून घेतलं.

अर्थात अंबर प्रत्येक वेळी जिंकला असं नाही. 1616 मध्ये जालन्याकडच्या रोशनगावला त्याचा मोठा पराभव झाला. काही सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. विजयी फौजेने खडकी जाळली. नंतर शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दोनदा चालून आला. अंबरला तह करून मुलूख सोडावा लागला. दर वेळी तो झुकला, पुन्हा फौज जमवली, पुन्हा उभा राहिला.

1624 मध्ये मोगल आणि विजापूर दोघेही त्याच्यावर एकत्र चालून आले. अंबर तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जवळच्या भातवडी इथे त्याने तलावाचं पाणी शत्रूच्या वाटेवर सोडलं, चिखलात फौज अडकवली आणि रात्रीच्या छाप्यांनी तिची हिंमत मोडली. निर्णायक विजय मिळाला. शहाजीराजे तिथे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. पुढे शिवाजी महाराजांच्या दरबारी कवी परमानंदाने रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात मलिक अंबरचा उल्लेख आदराने येतो. ज्यांना हा माणूस परका वाटतो त्यांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात घ्यावी.

पाणी आणि शेतसारा

लढाईच्या गप्पांत एक गोष्ट मागे पडते. अंबर फक्त तलवारीवर टिकला नसता. सतत युद्ध चाललेल्या मुलखात पंचवीस वर्षं फौज पोसायची तर शेतकरी जगला पाहिजे. त्याने सारावसुलीची मक्तेदारी बंद केली. मक्तेदार म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम देऊन रयतेकडून मनाला येईल तेवढी वसुली करणारा. त्याऐवजी जमिनीची प्रत पाहून, प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत आणली. अकबराच्या तोडरमलाची व्यवस्था त्याच्यासमोर होती. शत्रूकडून चांगलं ते घ्यायला तो लाजला नाही. गावचा पाटील आणि मिरासदार यांचे हक्क त्याने पक्के केले. मलिकंबरी धारा हा शब्द महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात अजून जिवंत आहे.

खडकी शहरासाठी त्याने जमिनीखालून नहर आणली. डोंगराकडचं पाणी उताराने खेळवत शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचवलं. नहर-ए-अंबरी नावाने ती ओळखली जाते आणि विसाव्या शतकापर्यंत लोक तिचं पाणी भरत होते. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. खडकीचं नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, शहराचा पाया त्याने घातलेला राहिला.

जे झाकू नये ते

आपल्या लोकांची आणखी एक सवय आहे. एखादा माणूस आवडला की त्याला वली करून टाकायचं. मलिक अंबर वली नव्हता. 1610 मध्ये ज्या मुर्तझाला त्याने तख्तावर बसवलं होतं, त्याच्याशी बिनसलं. महालात सुलतानाच्या दुसऱ्या बेगमने अंबरच्या मुलीचा, गुलामाची लेक म्हणून, अपमान केला असं सांगितलं जातं. सुलतान आणि ती बेगम दोघांनाही जहर दिलं गेलं आणि पाच वर्षांचं पोर बुऱ्हाण निजामशाह म्हणून तख्तावर आलं. बापाचा राग आपल्याला समजतो. खून मात्र खूनच राहतो. इतिहास शिकवताना ही गोष्ट वगळली तर दुसऱ्याच्या आवडत्या राजाचे गुन्हे काढण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

दुसरी उणीव व्यवस्थेची. सगळं राज्य एका माणसाच्या अकलेवर उभं होतं. त्याच्यानंतर कोण, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं. 14 मे 1626 रोजी मलिक अंबरचा इन्तकाल झाला. मुलगा फतेह खान कारभारी झाला, पण बापाची समज त्याच्यात नव्हती. 1632 मध्ये त्याने सुलतानाला मारवलं आणि पुढच्याच वर्षी दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. त्यानंतर निजामशाहीच्या वंशातलं एक मूल तख्तावर बसवून मोगलांशी तीन वर्षं झुंज दिली ती शहाजीराजांनी. परांड्यात अंबरने जे केलं होतं तेच. 1636 मध्ये तो प्रयत्नही संपला. पण डोंगर, किल्ला आणि हलका घोडा यांच्या जोरावर मोठ्या बादशाहीला थकवता येतं, हा धडा या मुलखात राहून गेला.

खुलताबादला जाल तेव्हा

अंबरच्या मृत्यूची खबर पोहोचल्यावर जहांगीरच्याच दरबारातल्या इतिहासकाराने, मुतमद खानाने, त्याची युद्धकला आणि कारभार अजोड असल्याचं लिहून ठेवलं. शत्रूच्या मुन्शीलाही एवढं मन मोठं करता आलं.

आपल्यापैकी अनेक कुटुंबं खुलताबादला हजरत जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यावर जातात. तिथून थोड्याच अंतरावर मलिक अंबरची घुमटाची कबर आहे. त्याच गावात जहांगीरचा नातू औरंगजेब आभाळाखाली उघड्या साध्या कबरीत आहे. पुढच्या वेळी मुलांना दोन्हीकडे घेऊन जा. फातेहा पढा. मग त्यांना विचारा की या दोघांतला आपला कोण, आणि उत्तर द्यायला त्यांना भरपूर वेळ द्या. घाईने उत्तर दिलं तर भातवडीला मारल्या गेलेल्या शरीफजींची गोष्ट सांगा आणि पुन्हा विचारा.