बालगंधर्व : मूळ गायन आणि पुनर्गायन

एखादे लोकप्रिय गीत दुसऱ्या गायकाने पुन्हा गायले, की आपण त्याची मुळाशी तुलना करतो. मात्र ‘मूळ’ कशाला म्हणावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बालगंधर्वांच्या चरित्राच्या आधारे या पाठात त्याचा विचार करू.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतल’मधील शकुंतलेच्या भूमिकेने रंगभूमीवर आले. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांच्या कन्येचे निधन झाले, तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये आलेल्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या आणि बालगंधर्वांची रुक्मिणी घराघरांत पोहोचली. भरजरी नेपथ्य आणि वेशभूषेच्या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली, तरी त्यांनी प्रयोगाचा दर्जा कमी केला नाही.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्या. रंगमंचावर प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला, की बालगंधर्व तेच पद पुन्हा गात. पण ते तसेच्या तसे नव्हे. प्रत्येक वेळी नवी जागा, नवा आलाप येई. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मात्र सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. त्यामुळे अनेक रूपांपैकी एकच रूप मुद्रिकेत बंदिस्त झाले आणि पुढील पिढ्यांनी त्यालाच ‘मूळ’ मानले. अनेकांनी त्या मुद्रिका पुन्हापुन्हा ऐकून त्यांतील हरकतीच नव्हे, तर शब्दोच्चारही जसेच्या तसे उचलले. ही निष्ठा खरी होती. परंतु दर वेळी नवे शोधणाऱ्या गायकाशी ती कितपत प्रामाणिक होती, याचा विचार तुम्ही करावा.

याला वेगळे उत्तर कुमार गंधर्वांनी दिले. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी बालगंधर्वांची पदे आपल्या पद्धतीने गायली. हे गायन ध्वनिमुद्रिकेच्या रूपानेही उपलब्ध झाले. त्याला त्यांनी नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावाची रचना पाहा. मराठीत आपण ‘मी उमजलो’ म्हणत नाही, ‘मला उमजले’ म्हणतो. ‘उमजणे’ या क्रियापदाचा अनुभवणारा चतुर्थीत येतो. तो कर्तेपणाचा दावा करीत नाही. आपल्याला जेवढे उमजले तेवढेच मांडत आहोत, ही नम्रता आणि ते आपल्याच आवाजात मांडण्याचे स्वातंत्र्य, दोन्ही त्या एका ‘मला’मध्ये सामावले आहेत. या गायनावर मतभेदही झाले. मुद्रिकेतील गाणे हेच मूळ मानणाऱ्यांना ते परके वाटणे स्वाभाविक होते.

बोलपटाच्या आगमनानंतर संगीत नाटकाला ओहोटी लागली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु ते पडद्यावर रमले नाहीत. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. अखेरच्या वर्षांत त्यांना चालणेही अशक्य झाले होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता बालगंधर्वांचे एखादे पद प्रथम त्यांच्या आवाजात आणि नंतर कुमार गंधर्वांच्या आवाजात ऐका. दुसऱ्या गायनात काय वगळले आहे, याबरोबरच नव्याने काय उमजले आहे, याचीही नोंद करा.